डिदरिंग: पट्ट्या नव्हे, पट्ट्यांवरचा उतारा

धुळ्याच्या एका वाचकाने विचारलं आहे: व्हिडिओ प्लेअरच्या फिल्टरमध्ये ‘कलरस्पेस कन्व्हर्जन’ आणि त्याच्याखाली ‘डिदरिंग’ असे पर्याय दिसतात. पहिल्याला ‘रंगावकाश रूपांतरण’ म्हणावं का, आणि दुसऱ्याला काय म्हणावं?

दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण डोकं त्याने उठवलं आहे. लग्नाच्या व्हिडिओवाल्यांकडे बसा. तापीकाठच्या संध्याकाळच्या आभाळात जिन्यासारख्या पट्ट्या दिसल्या की कुणीतरी हमखास म्हणतो, “भाऊ, डिदरिंग आलं.” अहो, पट्ट्या पडतात त्या डिदरिंग नसल्यामुळे! त्या पट्ट्यांना ‘बँडिंग’ म्हणतात. औषधाचं नाव आजाराला दिल्यासारखं झालं हे.

पट्ट्या कशा पडतात ते बघा. 8 बिटच्या नेहमीच्या व्हिडिओत उजेडाचे आकडे काळ्यासाठी 16 आणि पांढऱ्यासाठी 235, म्हणजे एकूण 220 पायऱ्या. पडद्याला हवेत 0 ते 255, म्हणजे 256. 220 माणसं 256 खुर्च्यांवर बसवली की 36 खुर्च्या रिकाम्या राहणारच. व्हिडिओतला करडा 100 हिशोबाने येतो 97.81. पडद्याला अपूर्णांक कळत नाही, म्हणून सरसकट 98 करायचं, आणि आभाळभर हेच झालं की जिना दिसतो. डिदरिंगवाला फिल्टर पूर्णांक करण्याआधी त्यात बारीकसा, दर ठिपक्याला वेगळा, कसाही येणारा आकडा मिसळतो. मग शंभरातले साधारण 81 ठिपके 98 होतात आणि 19 ठिपके 97. लांबून डोळ्याला 97.81 च दिसतो. किंचित रवा उरतो, पण जिना जातो.

आता शब्द. एका गृहस्थांचा दावा आहे की ‘डिदर’ म्हणजे आपलं ‘द्विधा’च, साहेबाने उचललं. उच्चार जुळला की नातं जुळलं, अशाने तर चाळीसगावही चाळणीवरून निघेल. इंग्रजीत जुनं रूप ‘डिडर’, अर्थ थरथरणे, कापणे. ‘निर्णय न होणे’ हा अर्थ पार विसाव्या शतकातला. म्हणून ‘द्विधा’ही नको आणि ‘दोलायमानता’ तर मुळीच नको. तो शब्द उच्चारेपर्यंत पिक्चर संपतो. अर्थ थरथरण्याचाच आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकी विमानांची गोष्ट सांगतात ना: आतली दातेरी चाकांची गणकयंत्रं जमिनीवर अडखळायची आणि हवेत, इंजिनाच्या थरथरीत, नीट चालायची. चित्रांत हीच युक्ती लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी 1962 साली मांडली. पुढे अर्पानेट, म्हणजे इंटरनेटचं पूर्वरूप, उभारणारे तेच हे.

मग ‘थरथर’ का नको? कारण थरथरीतून काही निष्पन्न होत नाही. आपल्याकडे याहून नेमका शब्द घरात खुंटीला टांगलेला आहे: चाळणी. संस्कृत ‘चल्’, त्यावरून ‘चालनी’, तिची चाळणी. त्याच ‘चल्’चं ‘चळाचळा कापणे’. म्हणजे कापणं आणि चाळणं ही एकाच घरातली भावंडं! आजी कळण्याचं पीठ चाळायची तेव्हा नुसतं पीठ चाळणीत ओतलं की ढीग तसाच बसायचा. तळहाताने कडेला हलके टप टप टप केलं की खाली परातीत पीठ एकसारखं उतरायचं. ती टपटप पिठात काहीच भर घालत नाही, अडलेलं फक्त सोडवते. डिदरिंग दुसरं काय करतं? ‘झोप चाळवणे’ घ्या: माणूस जागा होत नाही, फक्त जरा हलतो. एवढंच हलवायचं आहे, एका पायरीइतकं.

म्हणून माझा शब्द: चाळवण. ‘चाळवणे’ म्हटल्यावर काहींना भलतंच आठवतं, त्याला माझा इलाज नाही. खरी अडचण वेगळीच. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो, चाळणीची चायनी होते. आमच्याकडे हे ‘चायवन’ होणार आणि दुकानात कुणीतरी कप घेऊन येणार. चालेल. ‘डिदरिंग आलं’पेक्षा ते बरं.

‘चलबिचल’ सुचवणाऱ्या विद्वानांनी मात्र स्वतःच्या शब्दातच ‘चल्’ आहे हे पाहिलं नाही. दार सापडलं आणि आत न जाता परत फिरले.

हां, रंगावकाश. चांगला आहे, वापरा. गणितात ‘सदिश अवकाश’ आहेच. फक्त ‘रूपांतरण’ नको, ‘रूपांतर’ पुरतं, शेपूट कशाला? आणि ही बाब चाळवणीपासून वेगळी ठेवा. व्हिडिओ साठवतात तो एक उजेड आणि दोन रंगफरक अशा रूपात, पडद्याला हवे लाल-हिरवा-निळा. हे रूपांतर जुन्या साध्या व्हिडिओसाठी बीटी 601 या ठरलेल्या मानकाच्या गुणकांनी होतं, एचडीसाठी बीटी 709 च्या. 601 मध्ये हिरव्याचा वाटा 0.587, 709 मध्ये 0.7152. गुणक चुकीचे लागले तर केळीच्या बागेतलं हिरवं आणि नवरीच्या शालूचं लाल दोन्ही जरा घसरतात, आणि तिथे कितीही चाळा, काही उपयोग नाही.