जुन्या फुल-रेंज स्पीकरची दुरुस्ती

प्रश्न : माझ्याकडे फिलिप्स ९७१० या जुन्या ८ इंची फुल-रेंज (खालचे-वरचे सगळे स्वर एकट्याने वाजवणाऱ्या) स्पीकरची जोडी आहे. एक खरखरतो आणि दुसऱ्याचा कागद काठाजवळ फाटला आहे. दोन्हींना नवे कोन (कागदी शंकू) बसवून घ्यावेत का?

उत्तर : नवा कोन हा अगदी शेवटचा उपाय समजावा, कारण या स्पीकरचा स्वर मूळ कागदात आणि त्याच्या मधोमध असलेल्या, वरचे स्वर उचलणाऱ्या छोट्या कोनातच आहे. आधी मल्टिमीटरने रोध मोजा. याच मालिकेत सुमारे ७ ओहमचे आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेल्या व्हॉल्व्ह रेडिओंसाठी केलेले ८०० ओहमचे असे दोन्ही प्रकार निघत. दुसऱ्या प्रकारातून आजच्या अ‍ॅम्प्लिफायरवर अतिशय क्षीण आवाज येईल. कोन दोन्ही बाजूंनी सारख्या दाबाने हलकेच आत ढकलून पाहावा. घासल्याचा आवाज आला, तर व्हॉइस कॉइलच्या (कोनाला हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीच्या) फटीत कचरा शिरला असेल किंवा कॉइल मध्यातून सरकली असेल. मात्र चुंबक मुळीच उघडू नये, कारण अल्निको (अ‍ॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट यांच्या मिश्रधातूच्या) चुंबकाचे मंडल मोडले की त्याची शक्ती घटते. फाटलेल्या जागी टिश्यू पेपरचा लहान तुकडा पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदाने चिकटवावा. रबरी लेप लावण्याचा मोह, जो बाजारातले कारागीर हमखास घालतात, टाळावा, कारण वाढलेल्या वजनाने वरचे स्वर दबतात.

या स्पीकरला क्रॉसओव्हर (खालचे-वरचे स्वर वेगवेगळ्या स्पीकरांत वाटणारे सर्किट) नसल्याने गायकाचा आवाज एकाच बिंदूतून, अखंड येतो. खर्ज मात्र प्रशस्त पेटीशिवाय मिळणार नाही.