परीक्षक उठून गेल्यावर

प्रश्न : ताई, माझी नात जपानी फिगर स्केटर (बर्फावर स्केटिंग करणारा) युझुरु हान्यू याची निस्सीम चाहती. तिच्या खोलीत त्याची तीन पोस्टरं आहेत. ती म्हणते, तो 2022 साली 'प्रोफेशनल' झाला. पण जाहिरातींत तर तो आधीपासूनच होता. मग झालं काय? स्पर्धा सोडली म्हणजे निवृत्तच ना? – एक आजोबा, सांगली

उत्तर : आजोबा, निवृत्त म्हटलंत तर नात दोन दिवस बोलणार नाही तुमच्याशी!

बर्फाशी माझा संबंध सिमल्याला अर्धा तास कठडा धरून उभं राहण्यापुरताच. पण हौशी आणि व्यावसायिक यातला फरक मला कळतो. बँकेतली नोकरी सांभाळून मी अकरा वर्षं राज्य नाट्य स्पर्धेत कामं केली आहेत.

जुन्या काळी स्केटिंगमध्ये 'हौसेला मोल नाही' हा नियमच होता. पैसे घेतले की ऑलिंपिकचं दार बंद. अमेरिकेची जॅनेट लिन 1972 च्या सापोरो ऑलिंपिकमध्ये गिरकी घेताना पडली आणि हसत उठली. पदक कांस्य मिळालं, पण जपानी लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. पुढच्याच वर्षी तिने 'आइस फॉलीज' या बर्फावरचे शो करणाऱ्या कंपनीशी तीन वर्षांचा, सुमारे साडेचौदा लाख डॉलरचा करार केला आणि स्पर्धा संपल्या. 1990 च्या दशकात हे दार किलकिलं झालं. 1984 च्या ऑलिंपिकची सुवर्णविजेती ब्रिटिश जोडी टॉर्विल आणि डीन दहा वर्षं व्यावसायिक राहून 1994 च्या ऑलिंपिकला परतले आणि कांस्य घेऊन गेले.

आता पैशाचा तो अडसर उरलेला नाही. हान्यूच्या जाहिराती स्केटिंग संघटनेच्या परवानगीनेच चालत. त्यामुळे 19 जुलै 2022 ला टोकियोत पत्रकारांसमोर त्याने जे सोडलं ते परीक्षक. सोची (2014) आणि प्याँगचँग (2018) या ऑलिंपिकची दोन सुवर्णं खिशात होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत बीजिंग ऑलिंपिकला साडेचार फेऱ्यांच्या अॅक्सेल उडीच्या नादात तो आपटला आणि चौथा आला. सोपी उडी मारली असती तर? पण ते त्याच्या स्वभावात नाही. पडला तरी त्या उडीची अधिकृत नोंद झाली, आणि व्यावसायिक झाल्यावरही तिचा पिच्छा सोडणार नाही असं त्याने सांगून टाकलं.

आमच्या नाट्य स्पर्धेत परीक्षक अंधारात कागदावर काय खरडताहेत, याकडे माझा अर्धा जीव असायचा. व्यावसायिक नाटकात ते नसतात, तिथे तिकीट काढून आलेला माणूस असतो. तो गुण देत नाही, आवडलं नाही तर पुढच्या वेळी येत नाही. मला ते जास्त भीतिदायक वाटतं.

शिवाय तिथे आख्खी संध्याकाळ पेलावी लागते. स्पर्धेत पुरुषांचा मोठा कार्यक्रम चार मिनिटांचा. नोव्हेंबर 2022 मध्ये योकोहामाला 'प्रोलॉग' या पहिल्या प्रयोगात हान्यू सुमारे दीड तास एकटा होता. आणि सुरुवात कशाने केली? स्पर्धेआधी असतो तसल्या सहा मिनिटांच्या सरावाने! स्पर्धेत तेव्हा आणखी पाचजण आजूबाजूला फिरत असतात, इथे सगळा बर्फ याचा. (हे वाचून मी खुर्चीतून उठले होते. काय नाटकी डोकं आहे!) पुढच्या फेब्रुवारीत टोकियो डोम या बेसबॉलच्या मैदानात बर्फ घालून 35 हजार लोकांपुढे तो एकटा नाचला.

पोटासाठी करत असेल म्हणाल, तर मार्च 2023 चा प्रयोग बघा. जपानमधल्या 2011 च्या भूकंपाच्या वेळी सोळा वर्षांचा हान्यू सेंदाई या आपल्या गावच्या रिंकवर (स्केटिंगच्या बर्फाच्या मैदानावर) सराव करत होता, पायातल्या स्केट्ससकट बाहेर पळाला. रिंक बंद पडली, तेव्हा गावोगावच्या आइस शोमध्ये नाचून त्याने सराव चालू ठेवला. सेंदाईजवळच्या रिफूमधल्या एका सभागृहात त्या वेळी मृतदेह ठेवले होते. बारा वर्षांनी त्याने तिथेच बर्फ घातला आणि इतर स्केटर्सना बोलावून 'नोत्ते स्तेल्लाता' हा शो केला.

आणि एक. जॅनेट लिनला दम्यापायी दोनच वर्षांत शो सोडावे लागले. हान्यूलाही लहानपणापासून दमा आहे. नातीला ठाऊक असेलच, विचारा. दमा असून एकट्याने पेललेल्या त्या दीड तासाचा हिशेब तीच तुम्हाला सांगेल.