लाइव्ह डिस्कवरचं लिनक्स: वाचकांचे प्रश्न

लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे मशीनमध्ये न बसवता थेट, डेबियन हे लिनक्स चालवलं, मराठी कीबोर्ड आणि फाँट बसवले. दुसऱ्या दिवशी सगळं गायब! काय चुकलं?

काहीच चुकलं नाही. लाइव्ह डिस्कवर अख्खी सिस्टिम एका घट्ट दाबून भरलेल्या स्क्वॉशएफएस फाइलमध्ये असते, आणि ती फक्त वाचता येते. तुम्ही केलेले बदल तिच्यावर अंथरलेल्या दुसऱ्या थरात जातात. तो थर रॅममध्ये असल्यामुळे मशीन बंद केलं की पुसला जातो. म्हणून तो पेनड्राइव्हवर न्यायचा. मोकळ्या जागेत एक्स्ट४ (लिनक्सची फाइली ठेवायची पद्धत) पार्टिशन, म्हणजे वेगळा कप्पा, करा, त्याला 'पर्सिस्टन्स' हे लेबल द्या आणि आत 'पर्सिस्टन्स डॉट कॉन्फ' ही फाइल ठेवा. फाइलमध्ये एकच ओळ हवी: तिरकी रेघ, मोकळी जागा, 'युनियन'. शेवटी बूटच्या ओळीत, म्हणजे सुरू होताना लिनक्सला दिल्या जाणाऱ्या सूचनांत, 'पर्सिस्टन्स' हा शब्द जोडा. उबुंटू या दुसऱ्या लिनक्समध्ये मात्र तिथे 'पर्सिस्टंट' लागतं. या एका शब्दापायी लोकांच्या रात्री गेल्या आहेत.

हवे ते प्रोग्रॅम आधीच बसवलेली स्वतःची डिस्क करता येईल?

जरूर करा, लिनक्स आतून कळायला याच्यासारखा अभ्यास नाही. हाताने करायचं तर अनस्क्वॉशएफएसने फाइल उलगडायची, सीएचरूटने आत शिरून प्रोग्रॅम टाकायचे-काढायचे, एमकेस्क्वॉशएफएसने पुन्हा दाबायची आणि झॉरिसोने आयएसओ, म्हणजे अख्ख्या डिस्कची एक फाइल, बांधायची. हमखास फसतं ते कर्नलपाशी, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यापाशी. आत कर्नल अपडेट झाला, तर नवा कर्नल आणि इनिटआरडी (सुरू होताना लागणारी छोटी सिस्टिम) आयएसओवर जिथून बूट होतं त्या फोल्डरमध्येही न्यावे लागतात. ते राहिलं तर जुना कर्नल नव्या सिस्टिमवर उभा राहतो, त्याला स्वतःची मॉड्यूल्स (हार्डवेअर वगैरे चालवणारे तुकडे) सापडत नाहीत आणि वायफायसारख्या गोष्टी बंद पडतात.

तरीही माझा आग्रह डेबियनच्या लाइव्ह-बिल्ड या साधनासाठी आहे. त्यात पॅकेजांची, म्हणजे हव्या त्या प्रोग्रॅमची, यादी साध्या मजकूर फाइलमध्ये लिहायची, बाकीचं तो बघतो. सहा महिन्यांनी नवी डिस्क हवी झाली तर तीच यादी पुन्हा चालवायची. हाताने केलेलं तोवर आठवतही नाही.

डिस्क दुसऱ्याला देणार असाल, तर वायफायचे पासवर्ड, एसएसएच किल्ल्या (दुसऱ्या मशीनवर शिरायच्या) आणि टर्मिनलचा इतिहास आत राहिला नाही ना, हे आधी तपासा. पेनड्राइव्हवर लिहिण्यापूर्वी आयएसओ व्हर्च्युअल मशीनमध्ये (मशीनच्या आत चालणाऱ्या आभासी मशीनमध्ये) चालवून पाहा.

सीडी फार हळू चालते. उपाय?

रॅम पुरेशी असेल तर बूटच्या ओळीत 'टूरॅम' लिहा. सगळी सिस्टिम रॅममध्ये उतरते. सुरू व्हायला वेळ लागतो, पण नंतर सीडी वाचत बसावं लागत नाही. नॉपिक्स या दुसऱ्या लाइव्ह लिनक्समध्येही हा पर्याय आहे.

लाइव्ह चालवताना विंडोजमधल्या फाइलींना धक्का लागेल?

हार्डडिस्कवर तुम्ही स्वतः काही लिहीपर्यंत नाही. मात्र विंडोज 'फास्ट स्टार्टअप'ने बंद झालं असेल, तर ते अर्धवट झोपलेलं असतं आणि लिनक्स तो भाग बहुधा फक्त वाचायला उघडतो. तिथे जबरदस्तीने लिहू नका, फाइली खराब होतील. आधी विंडोज पूर्ण बंद करा. फाइली फक्त वाचवून बाहेर काढायच्या असतील, तर आहे तसंच चालेल.