‘क्लीनअप’ म्हणजे साफसफाई की आवराआवर?

विचारणा दोन शब्दांची आहे. लॅपटॉपचं डिझाइन ‘थॉटफुल’ आहे असं मराठीत कसं म्हणावं, आणि प्रोग्रॅमिंगमधल्या ‘रिसोर्स क्लीनअप’ला, म्हणजे प्रोग्रॅमने वापरायला घेतलेल्या फाइली, कनेक्शनं काम झाल्यावर परत करण्याला, ‘साफसफाई’ चालेल का?

पहिल्यासाठी ‘निगुतीचं’. विचारशील माणूस असतो. वस्तू निगुतीने केलेली असते. २००६ साली अ‍ॅपलने मॅकबुक प्रोला चुंबकाने चिकटणारी चार्जिंगची पिन दिली. वायरीत कुणाचा पाय अडकला तर पिन सुटते, लॅपटॉप टेबलावरच राहतो. घरात माणसं वावरणार, हे करणाऱ्याने आधीच धरलेलं. हे निगुतीचं काम.

‘साफसफाई’ मात्र मला पटत नाही, कारण तिथे घाण गृहीत असते. उघडलेली फाइल किंवा डेटाबेसचं कनेक्शन यांत घाण कसली? त्या उसन्या आणलेल्या वस्तू. काम झालं की जागच्या जागी गेल्या पाहिजेत. याला आपण आवराआवर म्हणतो. सी भाषेतला माझा एक प्रोग्रॅम फाइली उघडत जायचा, मिटत एकही नव्हता. लिनक्सवर एका प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रॅमला, सहसा १०२४ उघड्या फाइलींची मुभा असते, त्यातल्या तीन जागा इनपुट, आउटपुट आणि एररसाठी सुरुवातीलाच गेलेल्या. १०२१ फाइली सुरळीत उघडल्या, पुढची काही केल्या उघडेना. कचरा कुठेच नव्हता, पसारा होता!

(‘गार्बेज कलेक्शन’ला, म्हणजे निरुपयोगी झालेली मेमरी आपोआप मोकळी करण्याला, ‘कचरा उचलणं’ खुशाल म्हणा. तिथली मेमरी कुणाच्याच हाती लागण्याजोगी उरलेली नसते.)

‘क्लीनअप’ला ‘विल्हेवाट’ म्हटलं की हल्ली नकोशी वस्तू घालवणं आठवतं. ‘झाकपाक’ स्वयंपाकघरात गोड शब्द, पण त्याला प्रकरण दडपण्याचीही छटा आहे. त्यापेक्षा ‘आवरणं’ मोकळं आहे. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या २.५ आवृत्तीत, तीही २००६चीच, ‘विथ’ ही सोय आली. मध्येच एरर येऊन ‘विथ’खालचा कोडचा तुकडा (ब्लॉक) सोडावा लागला तरी फाइल आपोआप मिटते. म्हणजे ही आवराआवरही त्या पिनेइतकीच निगुतीची : चूक होणार हे धरून केलेली.

आणखी एक शब्द सुचवतो. सर्व्हर बंद करताना हातातल्या विनंत्या पूर्ण करायच्या, राहिलेलं डिस्कवर लिहायचं, कनेक्शनं परत करायची आणि मगच थांबायचं. त्याला ‘ग्रेसफुल शटडाउन’ म्हणतात. मी त्याला ‘निरवानिरव’ म्हणेन. जाण्याआधी ज्याचं त्याच्या हवाली करणं, एवढा सगळा अर्थ त्यात आधीपासून आहे.