मेजर ठरलंय, मग जादा साडेअकरा लाख कशाचे?

वरुड तालुक्यातल्या एका संत्रा बागायतदार भाऊंचा प्रश्न आहे. मुलीला दोन ठिकाणी प्रवेश मिळतोय. एक राज्याबाहेरचं खासगी लिबरल आर्ट्‌स विद्यापीठ. शिष्यवृत्ती वजा जाता हॉस्टेल-मेससह वर्षाला चार लाख, चार वर्षं. दुसरं पुण्यातलं जुनं अनुदानित कॉलेज. राहण्या-खाण्यासह वर्षाला दीड लाख, तीन वर्षं. पोरगी म्हणते, मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, इकॉनॉमिक्सच. दोन एकर विकू का?

भाऊ, वावर विकू नका. आधी हिशेब बघा. चार लाखांप्रमाणे सोळा लाखांचं शैक्षणिक कर्ज 10 टक्क्यांनी काढलं आणि शिक्षण संपून वर्षभराने हप्ते सुरू झाले, तर तोवर साध्या व्याजानेच 5 लाख 60 हजार चढतात. पुढे दहा वर्षं महिन्याला साडेअठ्ठावीस हजारांचा हप्ता. नुसत्या बीएच्या पहिल्या पगारातून तो निघणं कठीण. मग तो तुमच्या संत्र्याच्या आंबिया बहारावर येणार, आणि फळगळ झाली तरी बँक थांबत नाही.

शिवाय संस्था पीएम-विद्यालक्ष्मी या केंद्राच्या शैक्षणिक कर्ज योजनेच्या यादीत नसेल, तर साडेसात लाखांच्या वर बँक तारण मागते आणि शेतजमीन बहुतेक बँका तारण म्हणून घेत नाहीत. यादीत असेल तर तारण लागत नाही. उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्यास व्याजात 3 टक्के सवलतही आहे, पण ती दहा लाखांपर्यंतच्या कर्जालाच, आणि सगळ्यांना मिळेलच असं नाही.

आता मेजरचं. लिबरल आर्ट्‌समध्ये वर्ग लहान असतात, लिहायला चांगलं शिकवतात, हे खरं. पण जादा पैसा मुख्यतः जातो तो दोन-तीन सेमिस्टर वेगवेगळे विषय चाखून मग मेजर ठरवण्याच्या मुभेसाठी. जिचं ठरलंय तिने ती मुभा का विकत घ्यावी? इकॉनॉमिक्सला खरी किंमत एमएनंतर येते. इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या अर्थतज्ज्ञ अधिकाऱ्यांच्या भरतीच्या, परीक्षेला तर पदव्युत्तर पदवीच लागते. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये अर्थशास्त्राच्या एमएसला (पदव्युत्तर पदवीला) शिकवणी फी नाही, उलट विद्यावेतन मिळतं. पैसा आणि दम तिथल्या तयारीसाठी राखा.

एक मेख आहे. लेकीला बारावीला गणित होतं का, हे तुम्ही लिहिलं नाही. अशा एमए-एमएसच्या प्रवेश परीक्षांमध्ये कॅल्क्युलस, संख्याशास्त्र टाळता येत नाही. दोन्हीकडचा दुसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम तिच्यापुढे ठेवा. ते बघून ती मानसशास्त्राकडे वळू लागली, तर तिचं अजून ठरलेलं नाही आणि विद्यापीठाचा विचार करण्यात अर्थ आहे. पण तेव्हाही कर्ज साडेसात लाखांच्या आत बसलं तरच. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जोडून शिष्यवृत्ती वाढवण्याचा अर्ज आत्ताच करा, आणि ती दरवर्षी कोणत्या गुणांवर टिकते हे लेखी मागून घ्या. तोंडी सांगितलेलं धरू नका.