सहल एका दिवसाची : लोणार की चिखलदरा?

प्रश्न : आम्ही कारंजा (लाड) तालुक्यातले. गाडी जुनी, सोबत गुडघे दुखणारे आईबाबा. दिवाळीनंतर एका दिवसात जाऊन यायचं आहे. लोणार बरं की चिखलदरा?

उत्तर : लोणार. आधी गाडीतल्या तासांचा हिशोब करा. जाण्याचा प्रवास तीन तासांत बसला नाही, तर तिथे थांबायला वेळच उरत नाही. समृद्धी महामार्गाने मेहकरला उतरून लोणार सहज गाठता येतं. निघण्यापूर्वी टायर थंड असतानाच हवा भरा. आकडा चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर असतो. काँक्रीटवर सलग वेगात टायर तापतात, हवा कमी असली की आणखीच. झिजलेले टायर असतील तर जुन्या रस्त्याने जा.

विवर साधारण 1.8 किलोमीटर रुंद आहे, पण आईबाबांना खाली नेऊ नका. उतरणं जमतं, चढताना गुडघे बोलतात. काठावरून सरोवर पाहा आणि गावातल्याच दैत्यसूदन मंदिरात निवांत वेळ द्या.

चिखलदऱ्याला मुक्कामानेच जावं. परतवाड्यापुढे घाट लागतो. उतरताना ब्रेक दाबून धरला की तापतो, पकड जाते. ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरा.

परतीला अंधार पडू देऊ नका. सोयाबीन-कापसाच्या हंगामात मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, आणि समोरच्या गाडीच्या उजेडात त्या शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाहीत.