मिसफायर: आधी कोड वाचा, पार्ट नंतर

गाडी मिसफायर करतेय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाहीये? घाबरू नका. पेट्रोल गाडीचा मिसफायर बऱ्याचदा ठिणगी पाडणारा प्लग नाहीतर त्याला वीज देणारी कॉइल यांवरच निघतो. इंजेक्टर, कॉम्प्रेशन वगैरे सध्या डोक्यात घेऊ नका.

गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावा, साधा ब्लूटूथवालाही चालतो. पी ०३०२ आला तर दोन नंबरचा सिलिंडर मिस मारतोय. प्रत्येक प्लगला वेगळी कॉइल असेल, तर इंजिन गार झाल्यावर दोन आणि तीनच्या कॉइलची अदलाबदल करा, कोड पुसा, एक चक्कर मारा. आता पी ०३०३ आला? कॉइल गेली. कोड जागचा हलला नाही, तर हेच प्लगचं करून बघा. कॉइल उपसताना प्लगच्या खोबणीत तेल दिसलं, तर टॅपेट कव्हरचं (इंजिनावरच्या झाकणाचं) पॅकिंग गळतंय; ते आधी बदला, नाहीतर नवी कॉइलही खराब होईल.

नवखे इथे चुकतात:
- कोड न बघताच चारही कॉइल आणतात.
- गरम इंजिनाचे प्लग खोलतात. ॲल्युमिनियम हेडचे आटे गेले की खर्च विचारू नका. बसवतानाही आधी हाताने फिरवा, पाना शेवटी.
- चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असताना गाडी दामटतात. न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं, आणि प्लगच्या मानाने तो फारच महाग!

कोड काय येतो ते कळवा, पुढचं बघू.